हॉलचं जुनं सीलिंग, आठ दिवे, एक पंखा : कामाची वही

4 ऑक्टोबर 2025, शनिवार

दसरा परवा झाला. ‘नवरात्र संपू दे मग बघू’ हे कारण आता संपलं. दिवाळीच्या आत हॉलला पंखा लागला पाहिजे, असा आईचा हुकूम आहे.

पार्श्वभूमी अशी. डोंबिवलीतली इमारत 1996ची, फ्लॅट आम्ही 2019 साली रीसेलमध्ये घेतला. आधीच्या मालकांनी हॉलला जिप्समचं फॉल्स सीलिंग करून घेतलं होतं. कडेने पट्टीचा दिवा, त्याच्या आत 15 वॉटचे चार चौकोनी पॅनेल आणि एसी. पंखा मात्र काढून टाकलेला. सुरेख दिसतं म्हणून आम्हीही सहा वर्षं स्टँडच्या पंख्यावर काढली. आता आई गावाहून कायमची राहायला आली आहे. एसीने तिचे गुडघे धरतात आणि स्टँडच्या पंख्याच्या वायरीत ती दोनदा अडखळली. “आढ्याला पंखा नाही ते कसलं रे घर?” हे रोज सकाळी चहाबरोबर ऐकू येतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात यावर माझ्याकडे उत्तर नाही.

चारपैकी दोन पॅनेल मेलेत, तिसरा लुकलुकतो. तेव्हा पंख्याबरोबर दिवेही बदलायचे. सीलिंग पाडायचं नाही, हे आधीच ठरलं. सणाच्या तोंडावर घरभर जिप्समची भुकटी कोण काढणार?

हॉल 10 बाय 16 फूट. फरशीपासून सीलिंग 8 फूट 8 इंच. वर स्लॅबपर्यंत किती पोकळी आहे ते उद्या कळेल.

5 ऑक्टोबर, रविवार

मेन बंद करून एक मेलेला पॅनेल खाली ओढला. त्याच्या भोकातून मोबाइल वर धरून चारी दिशांना व्हिडिओ काढला. पोकळी 8 इंच, म्हणजे स्लॅब 9 फूट 4 इंचांवर. चॅनेल, म्हणजे बोर्ड ज्यांना स्क्रूने आवळलाय त्या लोखंडी पट्ट्या, दीड-दीड फुटावर आहेत, काम व्यवस्थित झालेलं दिसतं. पण वायरिंग बघून डोकं फिरलं. स्लॅबमधल्या पाइपातून वायरी बाहेर आल्यात आणि तिथून पुढे पाइप नावाची गोष्टच नाही. उघड्या वायरी जिप्समच्या बोर्डावर शेवया वाळत घातल्यासारख्या पडलेल्या. जॉइंट पिळून टेप मारलेले, आणि उष्णतेने टेपाचा गोंद सुटून ती उलगडलेली. दोन ठिकाणी फेजला काळी वायर, जी खरं तर न्यूट्रलची, म्हणजे परतीच्या प्रवाहाची. खालून सगळं गुळगुळीत पांढरं, वर कोणी बघणार नाही या भरवशावर केलेलं काम.

पंख्याचा हूक व्हिडिओत दिसला नाही. पॅनेल कडेला आहेत, हूक मध्यात असणार, आणि मध्ये चॅनेलची आडवी रांग.

मग सुचलं की आमच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर काकांचा हॉल अगदी असाच आहे आणि त्यांचा पंखा मूळच्याच हुकाला आहे. टेप घेऊन गेलो. काकांनी आधी चहा पाजला, बिल्डरला दोन शिव्या दिल्या, मग स्वतः टेपचं टोक धरलं. गॅलरीच्या भिंतीपासून 7 फूट 10 इंच, किचनच्या बाजूच्या भिंतीपासून 5 फूट 1 इंच. वर येऊन तेच माप सीलिंगवर मांडलं. आमच्या गॅलरीकडच्या भिंतीला प्लायचं पॅनेलिंग आहे, त्याचे दोन इंच वजा केले. खुणेवर 6 मिलिमीटरचं भोक पाडून सायकलच्या चाकाची तार टोकाला वाकवून आत घातली आणि गोल फिरवली. तिसऱ्या फेऱ्याला टण्ण! हूक खुणेपासून दीडेक इंचावर निघाला.

चॅनेल कुठून जातात त्यासाठी फ्रिजवरचा लोहचुंबक कामी आला. सीलिंगवरून हळूहळू फिरवला की स्क्रूपाशी चिकटतो. सगळ्या खुणा पेन्सिलीने केल्या. हॉलचं छत शिंप्याच्या कापडासारखं दिसतंय. बायको म्हणाली, “रंगाचा खर्च धरला आहेस ना?”

6 ऑक्टोबर, सोमवार

संध्याकाळी वायरमनमामा आले. परवानाधारक आहेत, बोलतात कमी, पानही खात नाहीत. ठरलं असं की कापाकापी, मापं आणि वायर ओढायला हात मी द्यायचा, जोडण्या आणि डीबी (घरातले सगळे मुख्य स्विच असतात ती पेटी) त्यांनी बघायचं.

त्यांनी दोन गोष्टी बदलायला लावल्या.

एक, पंख्यासाठी मी चार इंची गोल भोक धरलं होतं, पंख्याच्या रॉडवरची वाटी ते झाकेल म्हणून. मामा म्हणाले, “आत हात कोणाचा जाणार? तुमचा का माझा?” खरंच आहे. हुकात शॅकल (पंखा टांगायचा यू आकाराचा क्लँप) अडकवायचं, बोल्ट आवळायचा, त्यात कॉटर पिन घालून तिची टोकं फाकवायची, हे चार इंची भोकातून होत नाही. तेव्हा दोन चॅनेलच्या मध्ये फूट बाय फूट चौकोन सरळ कापायचा आणि काम झाल्यावर तोच तुकडा मागून पट्टी लावून परत बसवायचा.

दोन, दिव्यांच्या जागा. मी पंख्याभोवती सुबक वर्तुळ काढलं होतं. मामांनी पेन्सिलीने त्यावर फुली मारली. दिवा पात्यांच्या वर आला की पातं दर फेऱ्याला प्रकाश कापतं आणि खाली सगळी खोली फडफडते, डोकं दुखतं. हिशेब केला. पंखा 1200 मिलिमीटरचा, मध्यापासून पात्याचं टोक दोन फुटांवर. पाती सीलिंगच्या खाली आठ इंचांवर येणार. दिव्याचा झोत तिरका पसरतो, म्हणून टोकापासून निदान एक फूट तरी लांब हवा. म्हणजे मध्यापासून किमान तीन फूट. हॉल दहा फूट रुंद, दोन रांगा भिंतीपासून पावणेदोन फुटांवर धरल्या तर मध्यापासून सव्वातीन फूट मिळतात. रांगेत चार दिवे, चार-चार फुटांवर, टोकाचे भिंतीपासून दोन फूट. एकूण आठ, प्रत्येकी 7 वॉट. 56 वॉटमध्ये हॉल भागतो. वर्तुळापेक्षा हे दिसायला साधं आहे, पण फडफडणार नाही.

निघण्यापूर्वी मामांनी चौकोन कापायला लावला. हूक म्हणजे स्लॅबमधल्या लोखंडी डब्यात सळीचा यू, अंदाजे 12 मिलिमीटरची. वरवर गंज, तारेच्या ब्रशने घासल्यावर खाली धातू शाबूत. त्यातून दोर घालून मामा आणि मी दोघं लोंबकळलो. आईने डोळे मिटून घेतले. काही हललं नाही. डब्याच्या कडेला पाइपाचं तोंड आणि त्यात जुन्या पंख्याच्या वायरी कापून टेप मारून ठेवलेल्या. हे एक बरं केलं होतं कोणीतरी.

आज कोजागिरी. धूळ पुसून दूध आटवायला रात्रीचे साडेदहा वाजले.

8 ऑक्टोबर, बुधवार

खरेदी. 1.5 चौरस मिलिमीटरची एफआर (सहज पेट न घेणारी) वायर: फेजला लाल, न्यूट्रलला काळी, अर्थिंगला हिरवी. 90 मीटरची पूर्ण कॉइल नको होती, दुकानदाराने कॉइलमधून मोजून प्रत्येकी 35 मीटर दिली. वायरीवर आयएस 694 हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला आहे की नाही ते तिथेच उजेडात धरून बघितलं. लवचीक पीव्हीसी पाइप, कनेक्टर, तीन इंची होल कटर.

दिव्याच्या रंगावर घरात तीन पक्ष. आईला 6500 केल्विनचा पांढराफेक (“ट्यूबलाइटसारखा, स्पष्ट”), बायकोला 3000चा पिवळसर, मुलगी म्हणते काहीही आणा. 4000 आणले. कोणीच खूष नाही, म्हणजे तोडगा बरोबर असावा. काचेचा भाग आत खोल गेलेला प्रकार घेतला. झोत कमी पसरतो, पात्यांपासून तेवढाच दूर राहतो.

पंख्यावर जास्त वेळ गेला. 1 जानेवारी 2023पासून सीलिंग फॅनला स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यामुळे डब्यावर तुलना सोपी झाली आहे. साधा पंखा 70-75 वॉट खायचा, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) 30च्या आसपास. आमचा दिवसाला चौदा तास फिरणार, म्हणजे दिवसाला सहाशे वॉट-अवर वाचतात, महिन्याला अठरा युनिट. बीएलडीसी घेतला. एक अडचण आहे. हा भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालवायचा नसतो, वेग रिमोटवर. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

रॉडचा हिशेब: स्लॅब 9 फूट 4 इंच. हूक, रॉड आणि मोटर धरून पाती स्लॅबच्या सोळा इंच खाली आली तर जमिनीपासून बरोबर आठ फूट राहतात. त्याहून खाली नकोत, माझा भाचा सहा फूट दोन इंच आहे आणि शर्ट हॉलमध्ये उभा राहून काढतो. यासाठी 12 इंची रॉड लागतो. पंख्याबरोबर 10 इंची आला, बारा इंची वेगळा घेतला.

11 ऑक्टोबर, शनिवार

मोठा दिवस. सकाळी नऊला मेन बंद. मामा टेस्टर लावतात आणि मग तरीही टेस्ट लॅम्प लावतात. विचारलं तर म्हणाले, “टेस्टर पेटला तर खरा, नाही पेटला तर खरा नाही.” हे वाक्य मी डीबीच्या दारावर लिहून ठेवणार आहे.

भोकं पाडायचं काम माझं. एक युक्ती चालली: श्रीखंडाच्या डब्याच्या तळाला भोक पाडून तो होल कटरच्या दांड्यावर उलटा न घालता सुलटा चढवला, तोंड छताकडे. जिप्समची भुकटी निम्म्याहून जास्त डब्यात पडते. बाकीची माझ्या भुवयांवर. आधी प्रत्येक खुणेवर बारीक भोक पाडून तार फिरवत होतो. किचनकडच्या रांगेत तिसऱ्या खुणेला तार चॅनेलला अडली. एकटा दिवा सरकवला तर रांग वाकडी दिसेल, म्हणून आख्खी रांग दीड इंच सरकवली. समोरची रांगही तेवढीच. कोणाच्या लक्षात येणार नाही, मला मात्र येत राहील.

वायर ओढणं. वायर ओढायची लांब स्प्रिंग एका भोकातून ढकलायची, पुढच्यातून मामांच्या पोऱ्याने हाताने पकडायची. तो सतरा वर्षांचा आहे, मनगट बारीक, तीन इंची भोकातून कोपरापर्यंत आत जातो. चॅनेलच्या वरून वायर नेली, खालून नाही. खालून नेली तर ती चॅनेल आणि बोर्ड यांच्यामध्ये चेपते. प्रत्येक दिव्याशी एक वायर आत, एक बाहेर, जोडणी भोकापाशीच. वर पोकळीत हरवलेला जॉइंट एकही नको, ही माझी अट होती. मामा म्हणाले, “माझी पण.” जुन्या शेवया सगळ्या ओढून काढल्या. वजन केलं, भंगारवाल्याला तांबं म्हणून जाईल.

दोन बटणं: एकाआड एक चार दिवे एकावर, उरलेले चार दुसऱ्यावर. जुन्या बोर्डात बघितलं तर एका बटणातून चक्क न्यूट्रल फिरवला होता. म्हणजे बटण बंद असताना पॅनेलपाशी फेज जिवंतच. इतके दिवस खुर्चीवर उभं राहून तो पॅनेल मी पुसत होतो. मामांनी काही न बोलता वायर बदलली.

हिरवी वायर पंख्याच्या क्लँपला आणि तिथून एक शेपूट सीलिंगच्या चॅनेललाही जोडलं. लोखंडी सांगाडा आहे, उद्या एखादी फेज टेकली तर सगळं छत जिवंत नको.

संध्याकाळी सातला आठही दिवे लागले. आई म्हणाली, “पंखा?”

12 ऑक्टोबर, रविवार

पंखा चढवला. खाली मोटर आणि रॉड जोडून, वायर रॉडमधून घेऊन, मग वर शॅकल. रबरी गुंडी हुकाच्या सळीवर नीट बसली की बोल्ट, नट, कॉटर पिन. पिनेची टोकं फाकवून दाखवल्याशिवाय मामांनी वाटी वर सरकवू दिली नाही. रेग्युलेटर काढून तिथे कोरी पट्टी लावली. पाती बसवली, टोकांची छतापासूनची उंची टेपने तपासली, एक पातं अर्धा सेंटिमीटर खाली होतं, स्क्रू सैल करून सारखं केलं. चालू केल्यावर डुलत नाही.

मामा चारला गेले. चौकोनी तुकडा परत बसवायचं काम माझ्याकडे. चॅनेलचे दोन तुकडे मागून आडवे लावले, तुकडा वर दाबला, एक इंची स्क्रूने आवळला. रॉडसाठी मध्ये भोक आधीच होतं. सांध्याला जाळीची टेप आणि पुट्टीचा पहिला हात. सुबक झालं. स्वतःवर खूष होतो.

13 ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सव्वासहाला बायकोने गीझर लावला आणि घरभर अंधार. आरसीसीबी, म्हणजे वीज अर्थिंगकडे गळली की सगळं तोडणारा डीबीतला स्विच, पडलेला. उचलला, राहिला. गीझर लावला, पडला. गीझरचं एलिमेंट गेलं असणार, आठ वर्षांचा आहे. गीझर बंद ठेवून गॅसवर पाणी तापवलं. मग इस्त्री लावली आणि परत पडला. इस्त्री नवी आहे. फ्रिज, दिवे, पंखा, टीव्ही यांनी काही होत नाही. मोठा लोड आला की पडतो.

हॉलचा एमसीबी (डीबीतला फक्त हॉलचा स्विच) बंद करून बघितला, तरीही गीझरला पडतोच. त्यामुळे मी निर्धास्त होतो की कालच्या कामाचा संबंध नाही. मामांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “एमसीबी फेज तोडतो. काळी वायर तोडतो का?”

इथे माझी ट्यूब पेटली. घरातल्या सगळ्या काळ्या वायरी डीबीत एकाच न्यूट्रल लिंकवर येतात. त्यातली एखादी कुठे अर्थिंगला टेकली असेल तर थोडा लोड असताना काही कळत नाही. पण 2 किलोवॅटचा गीझर लागला की न्यूट्रलमधून पावणेनऊ अँपिअर परत जातात, न्यूट्रल आणि अर्थमध्ये थोडा व्होल्टेज उभा राहतो, आणि परतीच्या प्रवाहाचा काही वाटा त्या टेकलेल्या जागेतून अर्थिंगकडे पळतो. आरसीसीबी जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रवाहात 30 मिलिअँपिअरचा फरक दिसला की पडतो. गीझर बिचारा निर्दोष.

संध्याकाळी मामा मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) उसना घेऊन आले. आरसीसीबी पाडला (तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो), मल्टिमीटर न्यूट्रल लिंक आणि अर्थपट्टीवर लावला. पी ऽ ऽ प, म्हणजे दोन्ही कुठेतरी टेकलेत. मग एकेक काळी वायर लिंकवरून सोडवायची. पहिली, दुसरी, आवाज चालूच. तिसरी सोडवली आणि मीटर गप्प. हॉल.

हॉलमध्ये वायरीची रांग मध्ये तोडली. दिव्यांकडची बाजू गप्प, पंख्याकडची वाजते. मामांनी वर माझ्या सुबक चौकोनाकडे बघितलं. मीही बघितलं.

पुट्टी अजून ओलीच होती. सहा स्क्रू होते. चौथा काढला तेव्हा मीटर गप्प झाला. तुकडा उतरवल्यावर दिसलं: काळी वायर चॅनेलवर आडवी आली होती आणि माझा स्क्रू बोर्डातून, चॅनेलमधून, सरळ तिच्या पोटात. स्क्रूच्या टोकावर तांब्याची चमक. लाल वायर तिच्यापासून बोटभर अंतरावर होती.

मामा एवढंच म्हणाले, “चॅनेलला अर्थिंग नसतं तर हे कळलंच नसतं.”

14 ऑक्टोबर, मंगळवार

पंख्याकडचा काळ्या वायरीचा तो तुकडा पूर्ण बदलला. टेप मारून भागलं असतं असं मी सुचवलं, ते ऐकलं गेलं नाही. या वेळी वायरी पाइपात घालून वरच्या बाजूला क्लिपने बांधल्या, मगच तुकडा बसवला. दिव्यांचे ड्रायव्हर (दिव्याला लागेल तशी वीज देणारे छोटे डबे) आणि पंखा सोडवून ठेवून 500 व्होल्टवर मेगर मारला. ड्रायव्हर जोडलेले ठेवून मेगर मारला तर ते मरू शकतात. फेज आणि न्यूट्रल एकत्र करून अर्थिंगशी: आकडा 200 मेगाओमच्या वर. निदान एक मेगाओम तरी हवा, असं मामा म्हणतात.

गीझर, इस्त्री, मिक्सर, एसी सगळं एकदम लावलं. पडला नाही. गीझरची माफी मागितली.

17 ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

रंगाचा दुसरा हात वाळला. चौकोनाची एक कड तिरक्या उजेडात अजून दिसते, सकाळी सात ते साडेसात. राहू दे.

नकाशा काढला. कागदावर हॉल, चॅनेलच्या रेषा, दिव्यांची मापं भिंतीपासून, वायर कुठून कुठे गेली, जोडण्या कुठे, हूक कुठे. काम चालू असताना काढलेले फोटो छापून घेतले. सगळं प्लास्टिकच्या पाकिटात घालून डीबीच्या दारामागे चिकटवलं. डीबीतल्या काळ्या वायरींनाही नंबर दिले, एक ते पाच.

खर्च: पंखा आणि रॉड 3,350. आठ दिवे 2,480. वायर, पाइप, कनेक्टर, कटर 4,100. मामा आणि पोऱ्या 5,500. पुट्टी-रंग 900. एकूण 16,330. भंगारातून 410 परत.

रिमोट आईला सांगितला. ती जुन्या रेग्युलेटरच्या जागी लावलेल्या कोऱ्या पट्टीकडे बराच वेळ बघत होती. “फिरवायचं काय मग?” आता रिमोटला नाडी बांधून तो तिच्या खुर्चीच्या हाताला लटकवला आहे. तिला दोनच बटणं लागतात, त्यांना नेलपॉलिशचे लाल ठिपके मुलीने लावले.

25 ऑक्टोबर, शनिवार

दिवाळी पार पडली. आठ दिवस सगळं चालू, आरसीसीबी एकदाही पडलेला नाही. पात्यांची सावली फक्त एका जागी दिसते, टीव्हीच्या वरच्या भिंतीवर, तेही दाराजवळच्या दिव्याचं बटण एकटंच चालू असेल तर. सरकवलेले ते दीड इंच असावेत.

बाकी राहिलेलं: पट्टीच्या दिव्याचा जुना ड्रायव्हर गुणगुणतो, तो बदलायचा.

संध्याकाळी खालचे काका आले. सोफ्यावर बसून बराच वेळ वर बघत होते. सुनेला हॉलमध्ये फॉल्स सीलिंग करायचंय, पुढच्या आठवड्यात माणूस येतोय, आणि तो म्हणतो पंखा काढून टाका. आईने त्यांच्यासमोरच रिमोटवरचा लाल ठिपका दाबून पंखा तीनवर नेला. मी डीबीच्या दारामागचं पाकीट काढून त्यांना नकाशाचा फोटो घ्यायला दिला. काका चष्मा वर करून म्हणाले, “हुकाचं माप माझ्याकडचंच आहे ना हे? दोन इंच कमी का लिहिलंयस?”